वीस हात खोल विहीर

१

सव्वीस वर्षांपूर्वी हरवलेली लेक रविवारी सकाळी घरी आली आणि बुधवारी दुपारी आईने जेवणाचं ताट बाजूला सारलं. आज शनिवार. तीन दिवस भागीबाईच्या पोटात पाण्याखेरीज काही गेलं नव्हतं.

"आता तुम्हीच काय ते बघा, ताई," तिचा मुलगा सहादू म्हणाला.

ज्योत्स्ना पगारे पोलिसातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. निवृत्त झाल्यावर माणसं भेटायला येतात ती पेढे घेऊन नव्हे तर अडचण घेऊन, हे त्यांना एव्हाना कळून चुकलं होतं. पण सहादूची अडचण त्यांना परकी नव्हती. नव्व्याण्णव सालच्या फेब्रुवारीत सुरगाण्याकडचं हे कुटुंब द्राक्षांच्या कामाला नाशकात उतरलं, पेठ नाक्यावर मजुरांच्या गर्दीत उभं राहिलं आणि तिथेच आठ वर्षांची मैना हरवली. ती तक्रार ज्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली, त्या साध्या शिपाई होत्या ज्योत्स्नाबाई.

पोरगी सापडली नाही. भागीबाई मात्र डोंगरात परत गेली नाही. मैना येईल ती इथेच येईल, म्हणून तिने नाक्याजवळ खोली घेतली आणि रोज सकाळी नाक्यावर जाऊन बसू लागली. मजूर जीपमध्ये बसून निघून जात, ही दुपारपर्यंत तिथेच. येताजाता ज्योत्स्नाबाई थांबत. त्यांना वाटे, आता ही शिव्या देईल. शिव्यांऐवजी भागीबाई कोडं घाली. आईकडून, आजीकडून ऐकलेली शेकडो कोडी तिला तोंडपाठ होती. उत्तर आलं नाही तर हरणाऱ्याने एक गाव द्यायचं, हा तिच्या पाड्यावरचा नियम. ज्योत्स्नाबाई सिन्नर हरल्या, नामपूर हरल्या, निफाड हरल्या. सव्वीस वर्षांत त्या इतकी गावं हरल्या होत्या की कलेक्टरला जिल्ह्यात पाय ठेवायला जागा उरली नसती.

"तू होतास का घरी, ती आली तेव्हा?"

"नाय ना. मी पहाटेच द्राक्षं घेऊन सुरतेला गेलेलो. बुधवारी सकाळी आलो तर ही दारात उभी." सहादू अडतीस वर्षांचा, पिकअप चालवणारा दांडगा माणूस, बोलता बोलता त्याने बाहीने डोळे पुसले. "मी पायच धरले तिचे. पण त्याच दुपारपासून आयेनं खाणं टाकलं. डॉक्टर आधीच म्हणालाय, हृदय थकलंय, थोडे दिवस हायेत. आयेला कायतरी कळलंय, ताई. ती खोटी असंल तर मला सांगा. खरी असंल तर आयेला सांगा."

२

दार मीनाने उघडलं. मीना म्हणजे सहादूची बायको. पंधरा वर्षं सासूचं सगळं निमूट करणारी, पण बोलायला लागली की समोरच्याला श्वास घेऊ न देणारी.

"या ताई, बसा. चहा टाकते. ही बघा आमची मैनाताई. दिंडोरीला आमच्याच टोळीत काम करत होती, काय नशीब बघा! बोलता बोलता गावाचं नाव निघालं आणि..."

मैना म्हणवणारी बाई कोपऱ्यात बसली होती. वय जुळत होतं. डाव्या भुवईवर जुना व्रण होता, तोही जुळत होता. ज्योत्स्नाबाईंनी एकेक विचारायला सुरुवात केली. पाड्यावरच्या कुत्र्याचं नाव काय? घरासमोर झाड कसलं? बापाच्या कुठल्या पायात काटा मोडला होता? बाईने सगळं बरोबर सांगितलं आणि न अडखळता सांगितलं. नोकरीच्या काळात इतकी सरळ उत्तरं ज्योत्स्नाबाईंनी पढवून आणलेल्या साक्षीदारांच्याच तोंडून ऐकली होती. खरं आठवणारा माणूस अडखळतो, चुकतो, मग स्वतःलाच दुरुस्त करतो.

"कोडंसुद्धा ओळखलं हो तिनं," मीना चहाची कपबशी पुढे करत म्हणाली. "रविवारीच संध्याकाळी आईंनी घातलं. बेडकाचं."

हे कोडं ज्योत्स्नाबाईंनाही पाठ होतं. वीस हात खोल विहीर. तळाशी बेडूक. दिवसभरात तीन हात वर चढतो, रात्री दोन हात खाली घसरतो. मग वर कधी येईल? घाईत असलेला माणूस वीस दिवस म्हणतो. पण सतरा दिवसांत बेडूक सतरा हात चढलेला असतो आणि अठराव्या दिवशी तीन हात चढून काठावर येतो; मग घसरायचा प्रश्नच नाही.

"अठरा दिवस," कोपऱ्यातली बाई हळूच म्हणाली.

"बरोबर. मग आई काय म्हणाल्या?"

"हसल्या. मला जवळ घेतलं. माझ्या हातानं भात खाल्ला."

भागीबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. ज्योत्स्नाबाई तिच्याशेजारी टेकल्या. हात हातात घेतला तर नुसती काडी.

"भागीबाई, इकडे बघा. ही तुमची मैना आहे ना?"

 मग भिंतीकडूनच क्षीण आवाज आला.

"पोलीसबाई, तुम्ही आलात, बरं वाटलं. पण हे कोडं तुमच्याच्यानं सुटायचं नाय. सुटलं तर माझं घर मोडंल."

३

भागीबाईचा भाऊ बारकू आठवड्यातून दोनदा जीपने नाशकात येई आणि पंचवटीत रस्त्याच्या कडेला बांबूच्या टोपल्या मांडून बसे. ज्योत्स्नाबाई त्याला गाठायला गेल्या तेव्हा तो गिऱ्हाइकाची वाट बघत सूप विणत होता.

"मंगळवारी बघून आलो ना भाचीला," तो म्हणाला. "डोक्यावरून हात फिरवला. खरी का खोटी ते मी काय सांगू, मॅडम? आठ वर्षांची पोर गेली, चौतीस वर्षांची बाई आली. माझीच बायको मला सव्वीस वर्षांनी भेटली तर मी ओळखायचो नाय."

"कोडं मात्र बरोबर सांगितलं तिने. बेडकाचं."

बारकूच्या सुरकुतलेल्या तोंडावर हसू पसरलं. "सांगणारच. ते तर तिचंच कोडं."

"तिचं कसं?"

"आता कसं सांगू! नागली झोडून झाली होती. सगळी खळ्यावर बसलेली. भागीनं बेडकाचं कोडं घातलं. कुणी वीस म्हणतंय, कुणी बोटं मोजून अठरा म्हणतंय. मैना असंल तेव्हा सहा वर्षांची. उठून उभी राहिली नि म्हणाली, बेडूक येणारच नाय. पाणी तर खाली हाय, वर येऊन तो करील काय?" बारकूने मांडीवर थाप मारली. "हसून हसून पोटं दुखली आमची. तवापासून आमच्या पाड्यावर तेच उत्तर. कुणी अठरा म्हणालं तर पोरं त्याच्याकडून गाव मागून घेतात. भागी तर जो भेटंल त्याला सांगायची, माझ्या लेकीनं बेडकाला विहिरीतच ठेवलं."

ज्योत्स्नाबाईंनी बघायला उचललेलं सूप हातातच राहिलं. "पण बारकूदादा, मला भागीबाईंनी अठरा सांगितलं. मी बेडूक येतच नाही म्हटलं असतं तर हरले असते."

"तुम्हाला कधी सांगितलं तिनं?"

"मैना हरवल्यावर. बऱ्याच वर्षांनी."

विणकाम थांबलं. बारकूने मान खाली घातली. 

"मग बरोबर हाय," तो म्हणाला. "बेडूक येणारच नाय, हे ती आता कुठल्या तोंडानं म्हणंल?"

आणि मग त्याच्याही लक्षात आलं. त्याने झटकन वर पाहिलं. "मॅडम, त्या बाईनं काय उत्तर दिलं?"

४

पेठ रोडला परत येताना ज्योत्स्नाबाईंनी मनातल्या मनात एकेकाला बाजूला केलं. खरी मैना अठरा म्हणालीच नसती. म्हणजे ही बाई पढवलेली. पढवणाऱ्यालाही तिचं जुनं उत्तर माहीत नव्हतं. बारकू खळ्यावर हजर होता, सहादूही त्याच खळ्यावर वाढलेला. त्या दोघांपैकी कुणी शिकवलं असतं तर बेडूक विहिरीतच राहिला असता. ज्याने हे कोडं मैना हरवल्यानंतर भागीबाईकडून ऐकलं, त्यालाच तेवढं अठरा ठाऊक. असं माणूस त्या घरात एकच होतं.

मीना सार्वजनिक नळावर हंडा भरत होती.

"मीना, तिचं खरं नाव काय?"

हंडा भरून पाणी वाहू लागलं तरी मीनाने तो उचलला नाही. एरवी एका प्रश्नाला दहा वाक्यं ऐकवणारी ती बाई या वेळी एकच शब्द बोलली.

"तुळशी."

मग तोंडाला पदर लावून तिने सगळं सांगितलं. महिन्याभरापूर्वी भागीबाई नाक्यावर चक्कर येऊन पडली. लोकांनी उचलून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काठी टेकत निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, सहादूने हात जोडले. ऐकायचं नावच नाही. "कुठंतरी रस्त्यात मरतील हो, ताई. भोवती गाड्या, कुत्री. पंधरा वर्षं केलं मी त्यांचं, माझी आई त्या. वाटलं, मैना आली तर घरात राहतील. घरात, माणसांत डोळे मिटतील. तुळशीला आई नाय, बाप नाय. तिच्या भुवईवर व्रण बघितला आणि माझी बुद्धी फिरली. दोन आठवडे द्राक्षं खुडता खुडता तिला सगळं शिकवलं. कोडंपण. तिथंच नडले का मी?"

"तिथेच."

"मग आईंना कळलं तर रविवारीच कळलं असणार!"

 मीनाने पोटतिडकीने जे म्हटलं, ते खरंच होतं. भागीबाईला रविवारी संध्याकाळीच कळलं. तरी ती हसली, तिने तुळशीच्या हातून भात खाल्ला. सोमवारी जेवली. मंगळवारी जेवली. फसवणुकीचा राग असता तर रविवारीच ताट भिरकावलं असतं.

"बुधवारी काय झालं, मीना? जेवायच्या आधी?"

"काहीच नाय. हे सुरतेहून आले. तुळशीचे पाय धरून ढसाढसा रडले. म्हणाले, मैना, मला माफ कर, माझा हात सुटला. आई खाटेवरून बघत होत्या. मी ताट वाढून नेलं, तर त्यांनी ते लोटून दिलं."

अर्धं कोडं सुटलं होतं, आणि ते चुकीचं अर्धं होतं.

५

पोलीस खात्याने ज्योत्स्नाबाईंना पेन्शन दिली, एक नारळ दिला. त्यांच्या जुन्या डायऱ्या मात्र त्यांनी आपणहून घरी आणल्या होत्या. नव्व्याण्णवची डायरी कपाटाच्या तळाशी निघाली. त्यांचंच अक्षर, तेव्हाचं, जरा गोल.

*मैना, वय ८. रंग सावळा. डाव्या भुवईवर व्रण. निळा फ्रॉक. अनवाणी. हातात जर्मनचा तांब्या. आईचं म्हणणं, भावाच्या हातात हात दिला होता, तो सुटल्याने गर्दीत हरवली.*

त्यांनी ते तीनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि चौथ्यांदा वाचलं. जर्मनचा तांब्या.

सहादू गाड्यांच्या अड्ड्यावर पिकअप धूत होता. ज्योत्स्नाबाईंनी त्याला कडेला घेतलं.

"सहादू, त्या दिवशी तिचा हात तुझ्या कुठल्या हातात होता? उजव्या की डाव्या?"

त्याने आपले ओले हात पुढे धरले आणि आळीपाळीने दोन्हींकडे पाहिलं. सव्वीस वर्षं ज्या हाताला तो शिव्या देत आला होता, तो नेमका कुठला, हे त्याला सांगता येईना.

"आठवत नाय."

"उभा होतास?"

"नाय. वळकटीवर बसलो होतो. रातभर जीपमध्ये झोप नव्हती, डोळा लागला. उठलो तर आये ओरडत होती, मैना कुठंय? बा धावत आला. आये म्हणाली, तुझ्या हातात दिली होती ना तिला? म्हणजे दिली असणार."

"आणि बा?"

"बानं चामडी लोळवली माझी. मग बोलणंच टाकलं. अकरा वर्षांपूर्वी गेला. शेवटी पाणी पाजायला गेलो तर तोंड फिरवलं." त्याने बादलीतलं पाणी उगाच ढवळलं. "त्याचं बरोबर होतं, ताई. माझ्याच हातून गेली ना ती."

"घरात जर्मनचा तांब्या होता?"

"आयेचा. पाणी प्यायचा. तोपण तवाच गेला." मग तो थबकला. "तांब्याचं काय?"

ज्योत्स्नाबाईंनी त्याला काही सांगितलं नाही. भावाचा हात धरून उभ्या असलेल्या पोरीच्या हातात पाण्याचा तांब्या कशाला येईल, एवढा साधा प्रश्न त्यांनी स्वतः लिहिलेल्या ओळीला कधी विचारला नव्हता. त्या एका न विचारलेल्या प्रश्नापायी एका पोराचं बालपण करपलं होतं. घरी जाताना त्यांना स्वतःची लाज वाटत राहिली.

६

रविवारी सकाळी त्या पुन्हा खाटेशी बसल्या. मीना आणि तुळशी बाहेर ओट्यावर होत्या.

"भागीबाई, ही मैना नाही, हे तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं."

"कळलं." भागीबाईने मान वळवली. डोळे खोल गेले होते, पण नजर स्वच्छ होती. "मीनाचं काम, तेपण कळलं. चांगली पोर हाय ती. नि ही दुसरी, कुणाची तरी लेक असंलच ना? आईच्या हाताचं कधी खाल्लं नाय म्हणाली. मी म्हटलं, राहू दे."

"मग अन्न का टाकलंत?"

भागीबाईने पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तांब्या तुम्हीच दिला होतात तिच्या हातात."

भागीबाईचा हात अंगावरच्या गोधडीवर फिरत राहिला.  खूप दिवसांनी कुणी ओझं उतरवून घ्यावं तसा तिने श्वास सोडला.

"मुकादम माणसं निवडत होता," ती म्हणाली. "रांग सोडली तर काम गेलं असतं. पोरगा झोपला होता. मला तहान लागली. मीच तिला म्हटलं, पलीकडं नळ हाय, जा, तांब्या भरून आण. रस्ता ओलांडून गेली. तेवढंच दिसलं. धनी धावत आला तर मला भीती वाटली. वाटलं, मारून टाकील. पोराकडं बोट गेलं माझं. नंतर सांगू म्हटलं. सापडली की सांगू. मग धनी गेला, तवा वाटलं, आता सांगून काय उपयोग? नि परवा माझा एवढा मोठा बाप्या त्या परक्या बाईच्या पायावर डोकं आपटून माफी मागत होता. ते बघून घास कसा उतरंल, बाई?"

"मग सांगा त्याला."

"सांगितलं तर जाईल तो. मग मी मेल्यावर तोंडात पाणी कोण घालंल?"

"ते मला माहीत नाही," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.  "मी सांगणार नाही. तक्रार मी लिहिली, खोटी ओळ माझ्याच अक्षरात आहे. पण हे त्याने तुमच्या तोंडून ऐकायला हवं. नाहीतर तो मरेपर्यंत आपल्या हाताला शिव्या देत राहील."

भागीबाईने गोधडी बाजूला सारली. मग म्हणाली, "हाक मारा त्याला."

सहादू आला, खाटेच्या पायथ्याशी बसला. भागीबाईने आधी मीनाचं सांगितलं आणि तिला एक शब्द बोलायचा नाही अशी शपथ घातली. मग तांब्याचं सांगितलं. काहीही न सावरता, जसं घडलं तसं. ओट्यावर मीना रडू लागली. 

"बाला माहीत होतं?" सहादूने विचारलं.

"नाय."

"तो मेला तवा तरी सांगायचं होतंस, आये. त्याच्या कानात तरी."

 सहादू उठला, चपला न घालता बाहेर पडला. पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला. भागीबाईने डोळे मिटून घेतले.

दुपार टळून गेली. ज्योत्स्नाबाई उठल्या नाहीत. आपण एका मरणाऱ्या बाईचा एकुलता एक आधार काढून घेतला की काय, या विचाराने त्यांना चहासुद्धा गेला नाही.

ऊन उतरता उतरता तो परत आला. सरळ चुलीपाशी गेला, मीनाच्या हातून ताटली घेतली, पेजेत भात कालवला आणि खाटेवर आईचं डोकं मांडीवर घेऊन बसला. घास तिच्या तोंडापाशी नेला, पण लगेच दिला नाही.

"परत सांग," तो म्हणाला.

"तुझा हात सुटला नव्हता, बाबा. तुझ्या हातात मी तिला दिलीच नव्हती."

मग त्याने घास दिला. दुसरा घास घेतला आणि पुन्हा म्हणाला, "परत सांग."

भागीबाई त्यानंतर बारा दिवस जगली. तुळशीला कुणी जा म्हटलं नाही, मैना म्हणून हाकही मारली नाही. ती तुळशी म्हणूनच राहिली. दोन्ही वेळा सहादू भरवायचा आणि दर घासाला तेच विचारायचा. दुसरं काही तो आईशी बोलला नाही. ती थकलेल्या आवाजात तेच सांगायची, एकदाही कंटाळली नाही. ज्योत्स्नाबाई रोज येऊन दाराशी बसत आणि ऐकत.

बाराव्या दिवशी सकाळी तिची जीभ वळेना. तोंडात घातलेली पेज ओघळली. सहादूने ती पुसली, ताटली खाली ठेवली आणि तिच्या कानापाशी वाकला. एवढा दांडगा माणूस, पण आवाज बारा वर्षांच्या पोराचा.

"आये, माझा हात सुटला नव्हता."

भागीबाईने मान हलवली. नव्हता.